इंजिन खालून बघावं

जुनं आउटबोर्ड इंजिन विकत घ्यायला निघालेला माणूस ते वरून खाली बघतो. आधी डोक्यावरचं झाकण, मग झाकणावरचं नाव, मग नावाखालचा एचपीचा आकडा, मग दोरी ओढून पाहणं. दोरीला उत्तर म्हणून इंजिन एकदा जरी खोकलं, की लगेच भावाची बोलणी. नजर पंख्यापर्यंत पोचते तोवर पैसे खिशातून बाहेर आलेले असतात. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. या यंत्राबद्दल घेणाऱ्याला कळायला हवं ते जवळजवळ सगळं पाण्याखाली राहणाऱ्या भागात असतं. वरच्या भागात असतं ते विकणाऱ्याला सांगायला आवडतं ते. म्हणून जुनं आउटबोर्ड खालून वर बघावं, आणि वरपर्यंत पोचायची वेळ आलीच तर मग भाव विचारावा.

हा विषय मीरा-भाईंदरमध्ये काढायला संकोच वाटायचं कारण नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-पाली-चौकचा समुद्र, दक्षिणेकडे मनोरीच्या खाडीचे फाटे. असं तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं हे शहर आहे, आणि तरी इथे पाणी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर टँकर येतो. खाडी दिसते ती लोकलच्या दारातून, नायगाव येईपर्यंत, तीही दाराशी जागा मिळाली तर. एके काळी असं नव्हतं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेला वसई हवी होती, तेव्हा चौकजवळचा धारावीचा किल्ला आधी घ्यावा लागला. खाडीचं तोंड ज्याच्या हातात, वसईची रसद त्याच्या हातात. पुढे रेल्वे आली, पूल झाले, महामार्ग झाला, आणि समोर दिसणाऱ्या वसईला रस्त्याने जायचं तर घोडबंदरला वळसा घालायची आपल्याला सवय झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा कित्येकांना वसई पाण्यापलीकडे आहे हे नव्याने कळलं. असा शोध लागला की काही सज्जनांच्या मनात स्वतःच्या होडीचा विचार येतो. नवं इंजिन परवडत नाही, वल्ही मारवत नाहीत. मग कोणीतरी सांगतं, मुंबईला दारूखान्यातल्या भंगारवाल्यांकडे बघा, नाहीतर अलंगला तोडायला आलेल्या जहाजांचं सामान विकतात तिथे बघा. इथून पुढे त्या सज्जनांना सावध करणं समाजाचं कर्तव्य ठरतं.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन. सर्वांत वर सिलिंडर, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी गिअरचा डबा आणि पंखा. मीरा रोडच्या माणसाला ही तीन मजल्यांची इमारत आहे असं सांगितलं की पुरतं. फरक एवढाच की हिचा तळमजला बारा महिने पाण्यात असतो, आपला फक्त जुलैत. रंगकाम मात्र दोन्हीकडे दर्शनी भागाचंच होतं. ही रचना चालती केली ती नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूडने. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या गृहस्थांनी त्याच्या थोडं आधी असं इंजिन विकायला काढलं होतं, पण बाजार जिंकला एव्हिनरूडने, १९०९ पासून. दीड एचपी ताकद, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलोच्या आसपास. असं सांगतात की वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवं होतं, ते आणायला हा तळ्यापलीकडे वल्हवत गेला, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं. त्या वितळलेल्या आइस्क्रीमपायी पुढची शंभर वर्षं जगभरचे लोक दोऱ्या ओढत आहेत. तीच वधू, बेस, पुढे धंद्याचं कामकाज आणि जाहिराती बघू लागली, आणि तिच्या जाहिरातीचा गाभा असा होता की वल्ही फेकून द्या. जाहिरात म्हणून ती उत्तम होती. सल्ला म्हणून तिचा अनुभव असा, की वल्ही फेकून दिलेला माणूस लांबूनही ओळखता येतो. तो खाडीच्या मध्यावर उभा राहून दोरी ओढत असतो आणि ओहोटी त्याला पुलाखालून समुद्राकडे नेत असते.

आता, माणूस वरूनच का बघतो? केवळ भोळेपणाने नाही. वरचा मजला त्याच्या ओळखीचा असतो, म्हणून. जुनी आउटबोर्डं बहुतेक टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोक हा आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा कौटुंबिक विषय आहे. चेतक तिरकी करून किक मारलेली, लुनाचा प्लग काढून पुसलेला, पंपावर टू-टी ऑइल मोजून घातलेलं. एवढ्या अनुभवावर माणूस स्वतःला अर्धा मेकॅनिक समजतो आणि त्यात फारसं चूकही नाही. प्लगला करंट येतो का, पॉइंट घासायला झाले का, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे का, हे त्याला खरंच कळतं. गोची अशी की या सगळ्या गोष्टी स्वस्तात दुरुस्त होतात. प्लग नवा मिळतो, पॉइंट-कंडेन्सर मिळतात, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजवून फुंकता येतो. म्हणजे ज्या बाबतीत घेणारा तज्ज्ञ आहे, त्या बाबतीत फसला तरी नुकसान थोडं. आणि ज्या मजल्यावर खरा खर्च दडलेला आहे, तिथे तो कधी गेलेलाच नाही, कारण चेतकला तो मजलाच नव्हता. विकणाऱ्याला हे नीट माहीत असतं. तो वरचा भाग चकचकीत ठेवतो, घेणाऱ्याला त्याची विद्वत्ता मनसोक्त वापरू देतो, आणि ‘साहेब, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर सगळं कळतं’ असं म्हणतो. हे वाक्य ऐकलं की सरळ गुडघे टेकून बसावं आणि तळाकडे बघावं.

तळाशी पहिली गोष्ट गिअर ऑइल. गिअरच्या डब्याला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. इंजिन रात्रभर उभं राहिलेलं असावं, आणि सकाळी खालचा स्क्रू थोडासाच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी शिरलं असेल तर आधी ते टपकतं. तेल दुधाळ निघालं तर समजावं की पंख्याच्या दांड्यावरचं सील गेलं आहे आणि आत खारं पाणी फिरतं आहे. सील स्वस्त असतं. त्या सीलमागे गंजलेले बेअरिंग आणि खड्डे पडलेले गिअर स्वस्त नसतात, आणि जुन्या इंजिनाचे असले तर पुष्कळदा मिळतच नाहीत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तिला एक स्क्रूड्रायव्हर लागतो. म्हणूनच ‘तो स्क्रू नका खोलू, पॅकिंग खराब होईल’ असं विकणाऱ्याने म्हटलं, तर स्क्रू न खोलताही उत्तर मिळालं असं धरायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट पंख्यातली पिन. छोट्या इंजिनांमध्ये पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर किंवा पुलाच्या खांबाजवळच्या राडारोड्यावर आपटला तर ती तुटावी आणि गिअर वाचावेत, एवढ्यासाठीच तिचा जन्म. आपल्याकडे जे तुटतं ते मजबूत करायची परंपरा आहे. त्यामुळे जुन्या इंजिनाचा पंखा काढून पाहिला आणि पिनेच्या जागी कापलेला खिळा निघाला, तर आश्चर्य मानू नये. खिळा तुटत नाही, याचा बसवणाऱ्याला अभिमानही असतो. पुढच्या धडकेत मग खिळा शाबूत राहतो आणि गिअरचे दात जातात. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये, जिथे स्टीलच्या भांड्यांचा धंदा वाढला, तिथला कोणीही लेथवाला योग्य मापाची पितळी पिन काढून देईल. त्याला फक्त एवढं पटवून द्यावं लागेल की आपल्याला ती तुटणारीच हवी आहे. हे पटवणं सोपं नाही.

तिसरा आहे जस्ताचा तुकडा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्याखाली किंवा आसपास तो बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि स्टील एकत्र आले की एक धातू दुसऱ्याला खातो. तो जस्ताचा तुकडा स्वतःला खायला घालून बाकीच्यांना वाचवतो. म्हणून अर्धा झिजलेला तुकडा ही चांगली खूण आहे. तो कामावर होता आणि त्याच्याकडे कोणाचं तरी लक्ष होतं. पूर्ण कोरा तुकडा दिसला तर दोनच शक्यता, एकतर कालच बसवलाय, नाहीतर इंजिनाबरोबर त्यालाही रंग मारलाय. रंग मारलेलं जस्त काही काम करत नाही. नवं दिसण्यासाठी केलेल्या रंगकामाने इंजिन जुनं व्हायची गती वाढते, आणि याच रंगकामाचे पैसे गिऱ्हाईक हौसेने जास्त मोजतं.

तिथून जरा वर गेलं की पाण्याचा पंप. जुन्या आउटबोर्डाचं आयुष्य रबराच्या एका चक्रीवर अवलंबून असतं. तिला इंपेलर म्हणतात, तिला पाती असतात, ती खालून पाणी खेचते, सिलिंडरभोवती फिरवते आणि बाहेर टाकते. बहुतेक इंजिनांत त्यातली एक बारीक धार मागच्या बाजूने उडताना दिसते. ती धार दिसते तोवर सगळं ठीक. दिसेनाशी झाली की इंजिन बंद करायला फार वेळ नसतो. इंजिन वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहिलं की ही पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. शिवाय इंपेलरला वंगण म्हणून पाणीच लागतं. कोरडं फिरवलं तर काही क्षणांत रबर घासून निघतं. आता दुकानात काय घडतं ते बघा. इंजिन लाकडी घोड्यावर टांगलेलं, खाली पाण्याचा थेंब नाही, आणि विकणारा दोरी ओढून ते भडाभडा चालू करून दाखवतो. धूर निघतो, आवाज होतो, गिऱ्हाईक खूश. इंजिन चालू होतं याचा पुरावा देता देता ते पुढे चालणार नाही याची व्यवस्था दोघांच्या डोळ्यांदेखत झालेली असते. या यंत्राच्या बाजारातला हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत महाग कार्यक्रम.

पंपाची परीक्षा भाईंदरच्या खाडीत तर जास्तच कडक. इथे उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओहोटीला तेवढंच ओढून नेतं; मधल्या वेळात तळाचा सगळा चिखल प्रवासाला निघालेला असतो. तो इंपेलरमधून जातो आणि रबराला घासत जातो. त्यात लोकलच्या दारातून खाडीला अर्पण होणारं निर्माल्य, पिशवीसकट. देवाला फुलं पोचत असतील, पिशवी मात्र खात्रीने पाणी ओढायच्या जाळीला पोचते आणि तिथे चिकटून बसते. म्हणजे वर पूल ओलांडणाऱ्याचं पुण्य आणि खाली होडीवाल्याचा खोळंबा हे एकाच पिशवीतून येतात. या खाडीत जुनं इंजिन चालवायचं तर दर हंगामाला नवा इंपेलर ही चैन मानू नये. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन काही मिनिटं चालवावं, नाहीतर आत राहिलेलं मीठ वाळून पाण्याच्या वाटा बुजवतं. सोसायटीत टँकरचं पाणी मोजून येत असताना इंजिन धुवायला एक पिंप कसं मागायचं, याचं उत्तर कोणत्याही इंजिनाच्या पुस्तकात नाही; ते सेक्रेटरीच्या स्वभावावर अवलंबून आहे.

मधल्या मजल्यावर रेंगाळायचं कारण नाही, पण दोन गोष्टी बघून घ्याव्यात. एक म्हणजे दांड्याची लांबी. साधारणपणे आखूड पंधरा इंची आणि लांब वीस इंची, असे दोन प्रकार मिळतात. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला आली पाहिजे. जास्त वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर होडी पाणी नांगरत चालते. म्हणून आधी होडी, मग इंजिन. बरेच लोक आधी इंजिन घेतात आणि मग त्याला शोभेल अशी होडी शोधत फिरतात. दुसरं म्हणजे पकडीवरची नंबराची पट्टी. ती घासलेली किंवा उपटलेली असेल तर दर कितीही कमी असो, घरी परतावं. आउटबोर्ड हे दोन माणसांनी उचलून नेता येणारं यंत्र आहे, आणि उचलून नेणाऱ्यांना हे केव्हाच कळलेलं आहे.

आता वरचा मजला, जिथून बाकीचे सुरुवात करतात. इथे प्रेशर मोजणारं मीटर प्लगच्या जागी लावावं आणि दोरी ओढावी. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांपेक्षा दूर नसावेत. मोठा आकडा असण्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. फ्लायव्हीलखाली गंज, बोल्ट जाम, नाहीतर बोल्टांच्या डोक्यांना छिन्नीच्या खुणा दिसल्या तर आधी कोणीतरी झगडून हरलं आहे, आणि ती लढाई आता तुम्ही विकत घेत आहात. तेलाच्या बाबतीत मात्र चेतकची विद्या इथे दगा देते. प्रमाण इंजिनागणिक वेगळं असतं: पन्नासाला एक म्हणजे लिटरला वीस मिली, पंचविसाला एक म्हणजे चाळीस मिली, आणि जुन्या ब्रिटिश सीगलसारख्या इंजिनाला मुळात दहाला एक, म्हणजे लिटरला शंभर मिली. एवढ्या तेलावर सीगल चालतं तेव्हा खाडीत भजी तळल्यासारखा धूर होतो. तेलही स्कूटरचं चालत नाही. स्कूटर हवेवर थंड होते, आउटबोर्ड पाण्यावर. त्याला टीसी-डब्ल्यू-थ्री जातीचं राख न धरणारं तेल लागतं, नाहीतर पिस्टनवर काजळी साठते. भरीस भर म्हणजे आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर मऊ करतं. १९७० च्या इंजिनाला हे पेट्रोल घालायचं तर नळ्या बदलाव्यात आणि महिनाभर उभं ठेवायचं असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. हा सगळा खटाटोप आहेच, पण आवाक्यातला आहे. तळातल्या दुखण्यासारखा तो दिवाळखोरीत नेत नाही.

नावांविषयी लोक फार हळवे असतात. जॉन्सन, एव्हिनरूड, मर्क्युरी, सीगल ही नावं उच्चारली की भाव चढतो. पण नाव म्हणजे सुटे भाग नव्हेत. ब्रिटिश सीगलचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, नव्या मालकाने एव्हिनरूड पुढे चालवलं आणि २०२० मध्ये तेही बंद केलं. पार्ट मिळतात अजून, पण परदेशातून मागवायचे. त्यापेक्षा यामाहाचं एन्ड्युरो मालिकेतलं टू-स्ट्रोक अशा किनाऱ्यांसाठीच बनलेलं, कमी नखऱ्यांचं आहे, आणि त्याचे भाग ओळखणारा माणूस शोधायला आयुष्य खर्ची पडत नाही. एव्हिनरूड घ्यायचंच असेल तर वय विचारू नये, वाचावं. १९८० नंतरच्या त्यांच्या मॉडेल नंबरात वर्ष लपवलेलं आहे: ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं क्रमाने एक ते नऊ आणि शून्य. सी आणि ई दिसलं तर एकोणनव्वद. विकणारा ‘ऐंशीच्या आधीचं, एकदम ओरिजिनल’ म्हणत असताना ही अक्षरं मनातल्या मनात वाचण्यात जो आनंद आहे, तो इंजिन घेण्यातही नाही. आणि एचपीचा आकडा? जुन्या कंपन्या ताकद वर, सिलिंडरपाशी मोजायच्या. १९८० च्या दशकात ती खाली, पंख्याच्या दांड्यावर मोजायची पद्धत रूढ झाली. मधल्या गिअरांत जी हरवते ती वजा झाली आणि तेच इंजिन काही एचपीने अशक्त दिसू लागलं. म्हणजे खालून बघावं हे शहाणपण बनवणाऱ्यांनाही सुचलं, फक्त पंचाहत्तर वर्षं उशिरा.

यावर पहिला आक्षेप उत्तनचा असेल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. उत्तन-पाली-चौकचे नाखवे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जातात, डोल लावतात, बोंबील आणतात, आणि त्यांच्या मोठ्या होड्यांच्या पोटात डिझेल इंजिन असतं. त्यांना आउटबोर्ड का नको? कारण त्यांचा हिशेब चोख आहे. डिझेलवरच्या कराचा मच्छीमारांना परतावा मिळतो. डिझेल इंजिन संथ फिरतं, मोठा पंखा फिरवतं, जड होडी आणि ओलं जाळं ओढतं. आणि होडीच्या पोटात असल्याने लाटेखाली बुडत नाही. केरळात १९८० च्या दशकात आउटबोर्ड पसरली, कारण तिथे उघड्या किनाऱ्यावर, लाटा फोडून हलक्या होड्या वर ओढायच्या असतात, आणि इंजिन उचलून घेता येणं हाच तिथे मोठा गुण. ती इंजिनं केरोसीनवर चालणारी; सुरू पेट्रोलवर करायची, तापली की केरोसीनवर न्यायची. असं एखादं इंजिन फिरत फिरत इकडे आलं तर नंबरातलं ‘ईके’ बघावं. तेव्हा उत्तनचा आक्षेप मला मान्य आहे: मासेमारीच्या धंद्यासाठी जुनं आउटबोर्ड घेऊ नये. पण खाडीच्या आतल्या भागात, ओहोटीला गुडघाभर पाणी राहतं अशा ठिकाणी, छोट्या होडीला पंखा वर उचलता येणं हा केरळइतकाच खरा फायदा आहे. खाडीतल्या पाणजू बेटाच्या आसपास ज्याने ओहोटीत रुतलेली होडी पाहिली असेल त्याला हे पटेल.

दुसरा आक्षेप, मग नवं फोर-स्ट्रोक का घेऊ नये? घ्यावं. पंधरा एचपीचं फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या आसपास भरतं, जुनं टू-स्ट्रोक पस्तीसच्या आसपास. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि लिफ्ट वारंवार बंद पडणाऱ्या माणसासाठी हा फरक तात्त्विक नाही. पण पैसे असतील आणि पाठ चांगली असेल तर नवं इंजिन चांगलंच. इथे तिसरा आक्षेपही मिटवून टाकतो, प्रदूषणाचा. जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक आपल्या पेट्रोलचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त न जळताच बाहेर टाकतं, आणि आउटबोर्डमध्ये ‘बाहेर’ म्हणजे थेट पाण्यात. खाडीकाठच्या कांदळवनाला आणि त्यातल्या खेकड्यांना ते आवडायचं कारण नाही. याला माझ्याकडे बचाव नाही. रोज चालवायचं तर जुनं इंजिन घेऊच नये, हे मी मान्य करतो. महिन्यातून एकदा भरतीला फेरी मारणाऱ्याबद्दल बोलणं चाललं आहे.

चौथा आक्षेप घरातून येतो आणि तो असा असतो: ‘आपल्याकडे होडी कुठे आहे?’ याला प्रतिवाद नाही. उत्तर एवढंच देता येतं की होडी असली तरी प्रश्न संपत नाहीत. वल्ह्याच्या होडीला यंत्र लावलं की २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने ती यंत्रचलित नौका होते. मग नोंदणी आली, सर्वेक्षण आलं, विमा आला, महाराष्ट्र सागरी मंडळाची दारं आली. शिवाय उत्तन सागरी पोलिसांना रात्री खाडीच्या तोंडावर अनोळखी होडी दिसली तर ते चौकशी करणारच, आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर ती करायलाच हवी. ‘इंजिनची ट्रायल घेत होतो’ हे खरं असलं तरी ऐकायला बरं वाटत नाही.

राहिला ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा. सोनं समुद्रात पडलं तरी गंजत नाही. ॲल्युमिनियम गंजतं, पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला धरून बसतात, रबर कडक होतं, आणि इंजिन किती जुनं आहे यापेक्षा ते शेवटचं गोड्या पाण्याने कधी धुतलं गेलं हेच भाव ठरवायला जास्त उपयोगी पडतं. धुतलेलं पन्नास वर्षांचं इंजिन न धुतलेल्या पाच वर्षांच्या इंजिनापेक्षा बरं निघू शकतं. मात्र हे विकणाऱ्याच्या तोंडून कळत नाही, तळातूनच कळतं.

तेव्हा ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत जावं, होड्या किनाऱ्यावर असतात, इंजिनं उघडलेली असतात, बघायला मिळतं. सोबत स्क्रूड्रायव्हर, प्रेशरचं मीटर आणि न लाजणारा एक मित्र घ्यावा. गिअर ऑइल बघावं, पिन बघावी, जस्त बघावं. मग इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून चालू करायला सांगावं आणि दहा मिनिटं पाण्याची धार बघत बसावं. विकणारा पिंप आणायला तयार नसेल, तर दोरीला हात न लावता परत या. आणि घेतलंच, तर पहिल्या फेरीला वल्ही सोबत न्या.